अकरा वाजले की धडधड सुरू? बिस्कीट तोंडात टाकायच्या आधी हे करून बघा

आपल्या गोव्यात सकाळ बहुतेक घरांत सारखीच उजाडते. पोदेर (पाववाला) भोंपू वाजवून गेला, गरम पाव घेतले, गोड चहात बुडवून दोन पाव पोटात, आणि पळा बस पकडायला. मग अकराच्या सुमाराला पणजीच्या ऑफिसात बसल्या बसल्या हात थरथरायला लागतात, छातीत धडधड, तळव्यांना घाम, आणि कायतरी वाईट होणारच आहे अशी उगाच भीती. शेजारच्या टेबलावरची ताई लगेच सांगते, "शुगर लो झाली तुझी, बिस्कीट खा." बिस्कीट खाल्लं, दहा-पंधरा मिनिटांत बरं वाटलं, झालं, निदान पक्कं, आणि मग पर्समध्ये कायमचा एक पुडा.

आता गंमत अशी की हे निदान बरेचदा चुकीचं असतं, पण त्या चहा-पावाचा तुमच्या धडधडीत हात असू शकतो, आणि या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत खऱ्या असू शकतात. त्यामुळे ज्यांना हा विषय नवीन आहे त्यांच्यासाठी कुठून सुरुवात करायची ते सांगते. मी डॉक्टर नाही. आमच्या घरात डायबिटीस आणि घाबरटपणा दोन्ही सुखाने नांदतात, त्यामुळे वाचन आणि डॉक्टरांच्या केबिनबाहेर बसणं भरपूर झालंय, एवढंच.

आधी शरीरात काय होतं ते थोडक्यात

मेंदू शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी साधारण पाचवा हिस्सा एकटाच खातो आणि त्याचं मुख्य इंधन ग्लुकोज. रक्तातली साखर ७० च्या आसपास घसरली (हे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसीलिटरमधले, साखर मोजायच्या मीटरवर दिसतात तेच) की शरीर ग्लुकागॉन आणि ॲड्रेनालिन ही हार्मोन्स सोडतं, म्हणजे लिव्हरने साठवलेली साखर बाहेर काढावी. हे ॲड्रेनालिन म्हणजे कुत्रा अंगावर धावून आल्यावर सुटतं तेच, दुसरं नाही. म्हणून साखर घसरल्यावरची धडधड, थरथर, घाम आणि भीतीने होणारी धडधड, थरथर, घाम आतून अगदी सेम वाटतात, नुसत्या जाणिवेवरून फरक करणं भल्याभल्यांना जमत नाही. साखर अजून खाली, ५५ च्या आसपास किंवा त्याखाली गेली तर मग मेंदूलाच कमी पडायला लागतं, बोलणं अडखळतं, धूसर दिसतं, माणूस गोंधळतो, कधीकधी उगाच भांडतो.

उलटा रस्ता पण आहे. टेन्शनमध्ये ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसोल वाढतात, ते लिव्हरमधून साखर बाहेर काढतात, त्यामुळे घाबरलेल्या माणसाच्या मीटरवर आकडा कमी दिसायच्या ऐवजी थोडा जास्तच दिसू शकतो.

आणि बिस्किटाची गोष्ट. पॅनिकचा, म्हणजे अचानक उसळणाऱ्या भीतीचा झटका बहुतेक वेळा काही मिनिटांतच, साधारण दहाएक मिनिटांच्या आत, टोकाला पोचतो आणि मग आपोआप ओसरायला लागतो. बिस्किटातली साखर रक्तात पोचायला पण तेवढाच वेळ लागतो. म्हणजे झटका स्वतःहून गेला तरी श्रेय बिस्किटाला! म्हणूनच "खाल्ल्यावर बरं वाटलं" हा पुरावा धरू नका.

पायरी १: तुम्ही कुठल्या रांगेत आहात ते ठरवा

ही पायरी कृपा करून गाळू नका. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी डायबिटीस पाहणीचा २०२३ साली आलेला अभ्यास सांगतो की डायबिटीसचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त गोव्यात, २६.४ टक्के, म्हणजे मोठ्या माणसांत चौघांमागे एक. तेव्हा हे वाचणाऱ्यांत शुगरच्या गोळ्या घेणारे असणारच.

तुम्ही इन्सुलिन घेत असाल, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड असल्या गोळ्या, तर तुमची साखर खरोखर धोकादायक खाली जाऊ शकते. तुमच्यासाठी पुढे पायरी ३ मध्ये येणारा "आधी मोजा" हा नियम फक्त मीटर हाताशी असेल तेव्हाच, नसेल तर शोधत बसायचं नाही, सरळ साखर घ्या. तीन भरलेले चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून, नाहीतर अर्धा ग्लास गोड ज्यूस किंवा साधं कोल्ड्रिंक, डाएटवालं नको. म्हणजे साधारण १५ ग्रॅम. पंधरा मिनिटांनी मोजा, अजून ७० च्या खाली असेल तर परत तेवढंच घ्या, आणि वर आल्यावर नीट जेवा. चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर हळू चढते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, १०८ ला फोन करा. आणि असं वारंवार होत असेल तर गोळीचा डोस बदलायला हवा असतो, तो डॉक्टरांनी, तुम्ही नाही. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका बराच कमी.

अजून एक, हे फार कमी लोकांना कुणी सांगतं. धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल नावाची गोळी देतात, घाबरण्यासाठी पण तीच दिली जाते. ती थरथर आणि धडधड दाबून टाकते, त्यामुळे साखर पडली तरी कळत नाही. घाम मात्र सुटतोच. शुगरच्या औषधासोबत ही गोळी चालू असेल तर अचानक घाम सुटणं हीच तुमची घंटा.

छातीत दाब, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं, दम लागणं असं असेल तर हा लेख बंद करा आणि १०८. गॅस झाला असेल म्हणून सोडा पीत बसू नका.

बाकीच्यांनी पुढे वाचायचं.

पायरी २: एक-दोन आठवडे लिहून काढा

मोबाईलमध्ये नोट उघडा. धडधड झाली की वेळ, शेवटचं काय आणि कधी खाल्लं, चहा-कॉफी किती झाली, रात्री झोप कशी, त्या क्षणी काय चाललं होतं. बायकांनी पाळीची तारीख पण. आदल्या रात्री दारू घेतली असेल तर तेही, स्वतःपाशी खोटं लिहून उपयोग नाही.

नोंद अशी काहीतरी दिसेल: "मंगळवार, ११.२०. सकाळी ७.१५ ला दोन पाव, चहा. ९.४५ ला चहा, १०.४५ ला परत चहा. झोप पाच तास. साहेबांनी फाईल घेऊन बोलावलंय." आता ह्यात संशयित किती मोजा. पाव सात वाजताचा, म्हणजे चार तास पोटात दुसरं काही नाही. तीन चहा. कमी झोप. आणि साहेब. एकट्या साखरेवर केस टाकणं म्हणजे अन्यायच. पण आठवडाभरात एक धागा दिसायला लागतो, म्हणजे रविवारी घरी असताना अकराला काहीच होत नाही कारण दहा वाजता आईने पेज वाढलेली असते, किंवा साहेब रजेवर असताना उपाशी राहूनही ठणठणीत.

पायरी ३: धडधड चालू असताना मोजा, खायच्या आधी

घरात कुणाचा ना कुणाचा ग्लुकोमीटर असतोच. सुई मात्र प्रत्येक वेळी नवीन, दुसऱ्याची वापरलेली चालणार नाही, घरच्या माणसाची पण नाही. आधी साबणाने हात धुवा आणि पुसून कोरडे करा. मे महिन्यात मानकुराद आंबा चोखून किंवा फणसाचे गरे सोलून तसंच बोट टोचलं तर बोटावरचा गोडवा पट्टीवर उतरतो आणि मीटर भलताच मोठा आकडा दाखवतो, घरभर रडारड होते. बोटाच्या पेराच्या मधोमध न टोचता कडेला टोचा, कमी दुखतं. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेत त्या उघड्या राहिल्या की खराब होतात. एक्स्पायरी पण बघा.

आकडा ७० च्या वर आला तर त्या वेळची धडधड साखर कमी झाल्यामुळे नाही असं बऱ्यापैकी धरायला हरकत नाही. (ज्यांची साखर महिनोन्महिने खूप वाढलेली असते त्यांना ९०-१०० ला आल्यावरही लो झाल्यासारखं वाटू शकतं, हा अपवाद.) ७० च्या खाली आला तर परत एकदा मोजून लिहून ठेवा आणि मग खा. डॉक्टर तीन गोष्टी एकत्र बघतात: लक्षणं आहेत, त्याच वेळी आकडा खरोखर कमी आहे, आणि साखर वर आणल्यावर लक्षणं गेली. तिन्ही जुळलं तरच लो. असं दोन-तीनदा झालं आणि तुम्ही शुगरचं औषध घेत नसाल तर घरगुती उपाय नकोत, तपासणीच लागते. घरचा मीटर थोडा इकडेतिकडे दाखवतो, नव्वदच्या जागी चौऱ्याऐंशी आला म्हणून जीव टांगणीला लावायचा नाही.

बहुतेकांना इथे आश्चर्य वाटतं, कारण आकडा येतो ८५, ९२, १०४. धडधड खरी असते, घाम खरा असतो, लो नसतो. जेवणानंतर दोन-चार तासांनी असं होणारे पुष्कळ लोक असतात आणि त्यातल्या बहुतेकांची साखर नॉर्मलच निघते.

आणि हो, दंडावर सेन्सर चिकटवून दिवसभर मोबाईलवर साखरेचा आलेख बघत बसायची नवीन फॅशन आलीय. डायबिटीसवाल्यांना तो फार उपयोगी. पण आधीच चिंता करणाऱ्या, डायबिटीस नसलेल्या माणसाने तो लावणं म्हणजे चिंतेला रोजची खुराक. जेवल्यावर साखर चढणार आणि उतरणारच, १४० पर्यंत गेली तर त्यात काही बिघडलेलं नाही.

पायरी ४: चहा-कॉफी मोजा

ही सगळ्यात स्वस्त पायरी आणि लोक सगळ्यात जास्त इथेच चिडतात. कॅफिन थेट धडधड आणि बेचैनी वाढवतं, त्याला साखरेची मदत लागत नाही. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं असं मानतात, पण ज्यांना पॅनिकचा त्रास आहे ते याच्या कितीतरी आधी हलतात. शरीरातलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे चारची कॉफी नऊ वाजता अर्धी शिल्लक, मग झोप उडते, मग दुसऱ्या दिवशी जास्त चहा. एकदम बंद केलं तर डोकं चढतं, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करा. आणि उपाशीपोटी पहिला चहा असेल तर आधी काहीतरी चावून मग चहा, एवढं तरी.

पायरी ५: सकाळ बदला, म्हणजे पाव सोडा असं नाही

आता मुख्य भाग. पांढरा पाव आणि गोड चहा लवकर पचतो, साखर पटकन चढते, इन्सुलिन धावतं, आणि काहींना उतार जरा जोरात लागतो. प्रत्यक्षात ७० च्या खाली न जाताही त्या उतारावर काही लोकांना अस्वस्थ वाटत असावं. यावर ठाम पुरावा अजून थोडा आहे. २०१६ मध्ये कॅनडातून एका पंधरा वर्षांच्या मुलीची केस छापून आली, सतत चिंता आणि लो झाल्यासारखी लक्षणं, आहार सगळा मैदा-साखरेचा. जेवणात प्रोटीन, फॅट, फायबर वाढवल्यावर चिंता बरीच कमी झाली, मध्ये जुन्या खाण्यावर गेली तेव्हा परत आली, सुधारल्यावर परत बरी. चांगली गोष्ट आहे पण एकाच मुलीची आहे. २०१७ चा ऑस्ट्रेलियातला स्माइल्स नावाचा प्रयोग ६७ लोकांवरचा, त्यात आहार सुधारल्यावर डिप्रेशन कमी झालेलं दिसलं, चिंतेवर तो नव्हता. तेव्हा खाण्याने चिंता "बरी होते" असं कुणी विकायला आलं तर खिसा सांभाळा, पण दोन आठवडे नाश्ता बदलून बघायला काय जातं?

सूत्र एकच, काही काढायचं नाही, सोबत टाकायचं. पाव आहे तर त्यासोबत अंडं, किंवा पातळ भाजी जास्त आणि पाव कमी. हॉटेलात भाजी-पाव मागवला की वाटीभर भाजी आणि दोन पाव येतात, आपण भाजी पुरवून पुरवून दुसरा पाव संपवतो, त्याच्या उलट करा, वाटाणा-चणा आधी संपवा. पोई घेत असाल तर गव्हाच्या कोंड्याची खरी पोई बघून घ्या, कोंडा नुसता वरून भुरभुरलेला आणि आत सगळा मैदा असेल तर तो पावच, आकार वेगळा. बनच्या नादी रोज लागू नका, त्यात केळं, साखर, मैदा, तळण सगळं आलं.

दहा-अकराची पेज ही आपल्या आजी-आजोबांची सवय, ऑफिसांनी ती मारली आणि तिच्या जागी चहा-बिस्कीट बसवलं, मला तरी हा तोट्याचा सौदा वाटतो. उकड्या तांदळाची पेज पॉलिश केलेल्या सुरय तांदळापेक्षा साधारणपणे हळू पचते. पण नुसती पेज आणि लोणचं म्हणजे परत भात आणि मीठच, सोबत वाटीभर अळसांद्यांची किंवा मुगाची उसळ घ्या, मासे खाणाऱ्यांनी सुक्या सुंगटांची किसमूर, खोबरं घालून (बीपीवाल्यांनी खारवलेलं बेताने). डब्यात पेज नेणं जमत नसेल तर भाजलेले चणे, मूठभर शेंगदाणे, उकडलेलं अंडं, यातलं काहीही ड्रॉवरमध्ये किंवा डब्यात मावतं. नाचणीचं तिजण पौष्टिकच, पण गूळ सढळ हाताने पडतो, रोजसाठी नाचणीची ताकातली आंबील बरी.

दुपारी भात सोडायची गरज नाही, गोव्यात राहून तो सल्ला देणाऱ्याला कुणी दारात उभं करणार नाही. क्रम बदला. आधी भाजी आणि मासा, मग शीत-कढी. आधी भाजी आणि प्रोटीन, मग भात-पाव असं खाल्लं की साखर कमी उसळते हे छोट्या प्रयोगांत दिसलंय. बांगडा तळलेला असो की हुमणातला, आधी तो. सोमवार पाळणाऱ्यांनी डाळ, उसळ, ताक हे आधी. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला, स्नायू साखर ओढून घेतात, आणि चालण्याने चिंता पण जरा उतरते, एका दगडात दोन पक्षी.

संध्याकाळी चार ते आठ हा दुसरा खड्डा. गाड्यावरचं रस-आमलेट खायला हरकत नाही, आमलेट तर चांगलंच, दुसरा पाव मागवायच्या आधी थांबा. उपवासाला सकाळपासून काही नाही आणि मग ताटभर साबुदाणा खिचडी, हे धडधडीला आमंत्रण, साबुदाणा जवळपास निव्वळ स्टार्च. शेंगदाणे आणि दही वाढवा. चवथीच्या नेवऱ्या आणि पातोळ्या खा की, फक्त उपाशीपोटी नको, जेवणानंतर.

पायरी ६: उर्राक, फेणी, बियर

मार्च ते मे उर्राकचा सीझन, लिंबू-सोडा नाहीतर गोड कोल्ड्रिंक घालून कधी किती पोटात गेली कळत नाही. दारू पचवण्यात गुंतलेलं लिव्हर नवीन साखर तयार करायचं काम कमी करतं, त्यामुळे न जेवता प्यायलं तर साखर खरोखर पडू शकते, शुगरच्या गोळ्यांवर असणाऱ्याची तर जास्तच, तीही रात्री झोपेत. शिवाय झोप तुटते आणि सकाळी मेंदू जास्त चाळवलेला असतो, ती सकाळची विनाकारण भीती इथून येते. म्हणून जेवून घ्या, कमी घ्या, आणि नोंदीत लिहा.

पण जे रोज भरपूर पितात आणि सकाळी न प्यायल्यास हात थरथरतात, त्यांनी हे वाचून उद्यापासून एकदम बंद करू नये. त्यात फिटचे झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

पायरी ७: रक्त एकदाच नीट तपासून घ्या

फास्टिंग म्हणजे उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची, आणि एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज. फास्टिंग १०० च्या खाली नॉर्मल, १०० ते १२५ प्रीडायबिटीस, १२६ किंवा वर डायबिटीस. एचबीए१सी ५.७ च्या खाली नॉर्मल, ६.५ किंवा वर डायबिटीस. लक्षणं नसतील तर एकाच आकड्यावर ठप्पा मारत नाहीत, परत करतात. यासोबत टीएसएच (थायरॉईडची तपासणी) नक्की, कारण थायरॉईड जास्त चालत असेल तर धडधड, घाम, थरथर, चिडचिड सगळं हुबेहूब चिंतेसारखं. हिमोग्लोबिन आणि बी१२ पण, विशेषतः शाकाहारी असाल किंवा बरीच वर्षं मेटफॉर्मिन चालू असेल तर. ईसीजी डॉक्टर म्हणतील तर.

पायरी ८: खाणं सुधारूनही भीती गेली नाही तर

जाणारच नाही काही जणांची, कारण त्यांची चिंता पोटातून आलेलीच नसते. जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची साधी यादी आहे, गेल्या दोन आठवड्यांवरची, एकूण २१ पैकी १० किंवा जास्त आले तर दाखवून घ्या. बोलण्याची थेरपी आणि औषधं दोन्हीला चांगला पुरावा आहे, खाण्यापेक्षा कितीतरी जास्त. आणि हे मुंबईलाच जाऊन करावं लागतं असं नाही. गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगाथ' संस्थेने मानस नावाचा मोठा प्रयोग केला, साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं, त्यातून डिप्रेशन आणि चिंतेच्या रुग्णांना फायदा झाल्याचं २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. बांबोळीला आयपीएचबी हे मानसोपचाराचं सरकारी हॉस्पिटल आहे, तिथे गेलं की लोक काय म्हणतील हा प्रश्न अजून आपल्याकडे आहे हे मान्य, मग घरबसल्या १४४१६ लावा, टेलिमानसची सरकारी हेल्पलाईन, फुकट, चोवीस तास.

डॉक्टरकडे जाताना ती पायरी दोनची नोंद आणि मीटरचे आकडे घेऊन जा. "मला शुगर लो होते" एवढंच सांगितलं तर ते साखर तपासून नॉर्मल म्हणून घरी पाठवतील. "अकराला धडधडतं, तेव्हा मोजली तर ९२ होती, नाश्ता बदलल्यावर आठवड्यात पाच वेळचं दोनवर आलं, पण मीटिंगच्या दिवशी अजून होतंच" असं सांगितलं की त्यांना पुढचं ठरवायला सोपं जातं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पण पिशवीत टाका, आयुर्वेदिक, होमिओपॅथिक आणि फार्मसीतून स्वतःच आणलेल्या धरून.